मोटारीचा टायमिंग पट्टा : खर्च व खबरदारी

मोटार ही आता केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिक्षक, कारकून, बागायतदार यांच्या दारातही, जुनी का होईना, गाडी उभी दिसते. अशी गाडी घेताना आपण रंग पाहतो, टायर पाहतो, मीटरवरील आकडा पाहतो. परंतु इंजिनाच्या कडेला झाकणाआड फिरणारा दातेरी पट्टा सहसा कोणी पाहत नाही.

या पट्ट्याचे कार्य असे. पिस्टनांच्या जोराने क्रँकशाफ्ट फिरतो. हवा आत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा कॅमशाफ्ट उघडतो. पहिल्याचे दोन फेरे होताना दुसऱ्याचा नेमका एक व्हावा लागतो. हा मेळ पूर्वी बहुधा साखळीने राखला जाई. अ‍ॅम्बॅसॅडर व पद्मिनी या गाड्यांत साखळीच होती. १९६२ साली पश्चिम जर्मनीतील ग्लास १००४ या गाडीत रबरी दातेरी पट्टा आला. तो हलका, स्वस्त व आवाज न करणारा असल्याने पुढे सर्वत्र पसरला. मारुती ८०० मध्येही तोच होता.

रबराला मात्र वय असते. म्हणूनच कारखानदार पट्ट्याची मुदत किलोमीटर आणि वर्षे अशी दोन्ही प्रकारे देतात. त्यांपैकी जी आधी संपेल ती खरी.

आमच्या परिचयाच्या एका शिक्षकांनी बोटीवर नोकरी करणाऱ्या शेजाऱ्याची आठ वर्षांची गाडी घेतली. मालक बहुतेक काळ समुद्रावर, गाडी आच्छादनाखाली. मीटरवर अवघे ३१,००० किलोमीटर. "गाडी नवीच आहे, गुरुजी," असे मिस्त्रीनेही सांगितले. पुढे डिचोलीहून बेळगावास जाताना चोर्ला घाटाच्या चढावर पट्टा तुटला. इंजिन तत्क्षणी बंद पडले, स्टिअरिंग व ब्रेक जड झाले. मुले मागे बसलेली. कशीबशी गाडी कडेला घेता आली. कॅमशाफ्ट थांबल्याने काही झडपा उघड्याच राहिल्या आणि वर येणारे पिस्टन आदळून त्या वाकल्या. हेड उतरवावे लागले. त्या खर्चात पट्टा अनेकदा बदलून झाला असता.

सर्वच इंजिनांत असे होत नाही. काहींत पिस्टन व झडप यांत पुरेसे अंतर असते, गाडी नुसती थांबते. आपले इंजिन कोणत्या जातीचे, हे आधीच विचारून ठेवावे.

पट्टा स्वतः फार महाग नसतो. मजुरी महाग असते. अनेक गाड्यांत इंजिनाला खालून आधार देऊन एका बाजूचे माउंटिंग सोडावे लागते, खुणा जुळवाव्या लागतात, नंतर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासाव्या लागतात. एक दाता चुकला तरी इंजिन नीट चालत नाही. सबब टेन्शनर, आणि पट्ट्यावर चालत असल्यास वॉटर पंपही, त्याच वेळी बदलावा. तेथे केलेली काटकसर दुप्पट मजुरीने फेडावी लागते.

साखळीला बहुधा मुदत दिलेली नसते, म्हणून ती अमर आहे असा समज आहे. तो चुकीचा होय. साखळी इंजिनाच्या तेलावर जगते. तेल वेळेवर न बदलल्यास तिचे सांधे झिजून ती लांबते व सकाळी गाडी सुरू करताच खडखड ऐकू येते. पट्टा अशी पूर्वसूचना क्वचितच देतो. साखळी बदलणे मात्र सहसा अधिक खर्चाचे.

जुनी गाडी घेताना पट्टा बदलल्याची पावती मागावी. ती नसल्यास पट्टा बदललेला नाही असेच धरून तो खर्च सौद्याच्या किमतीतून वजा करून घ्यावा.