पटलाची गाळणी

आषाढात सह्याद्रीवर पाऊस कोसळू लागला, की पालघर जिल्ह्यातून वाहणारी सूर्या नदी तांबूस होते. डोंगरउतारांवरची माती तिच्या पाण्याबरोबर वाहत येते. असे पाणी काचेच्या पेल्यात घेऊन स्थिर ठेवा. जाड रेती लवकर तळाशी बसते; परंतु गढूळपणा दुसऱ्या दिवशीही पुरता जात नाही. असे का बरे होते?

मातीचे अतिसूक्ष्म कण फार हलके असतात. शिवाय त्यांवर एकाच जातीचा विद्युत्भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात व खाली बसत नाहीत. आपल्या आजीला हे शास्त्र ठाऊक नसेल, पण उपाय ठाऊक होता. ती हंड्याच्या तोंडाला दुपदरी फडके बांधून पाणी गाळी आणि मग त्यात तुरटीचा खडा फिरवी. तुरटीमुळे कणांचे पुंजके बनत व ते तळाशी जात. मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांतही तुरटीचा उपयोग करतात.

तथापि, फडक्यातून रोगजंतू सहज पार होतात. पुष्कळशा जंतूंची लांबी एक-दोन मायक्रॉनच असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग! एवढ्याशा जंतूला फडक्याचे छिद्र म्हणजे गावाची उघडी वेसच होय. म्हणून शास्त्रज्ञांनी पटलाची गाळणी शोधून काढली. पटल म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा. त्याची छिद्रे जंतूंहूनही कितीतरी लहान असतात. पाणी पलीकडे जाते. माती व जंतू अलीकडेच अडतात. गाळ साचला की पाण्याची धार मंदावते. मग पटल धुऊन घ्यावे लागते.

अणुशास्त्र म्हटले, की १९६९ साली सुरू झालेले तारापूरचे अणुवीजकेंद्र आपल्याला आठवते. परंतु अणुशास्त्रज्ञांनी पिण्याच्या पाण्याकडेही लक्ष दिले आहे. मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने घरोघरी वापरता येईल अशी पटलाची गाळणी तयार केली. तिला वीज लागत नाही. नळाच्या पाण्याचा दाबच पुरतो.

मात्र एक गोष्ट विसरू नका. पाण्यात मीठ विरघळवून ते या गाळणीतून गाळले, तरी खारटच राहते. विरघळलेली विषारी रसायनेही अशीच निसटू शकतात. त्यांसाठी याहून घट्ट पटल आणि अधिक दाब लागतो. म्हणून नदीत घाण न सोडणे, हाच पहिला उपाय होय. नितळ दिसणारे प्रत्येक पाणी निर्मळ असतेच असे नाही.