चूक शोधण्याची विद्या



गेल्या वर्षीं आमच्या संगणकवर्गांतील कांहीं मुलामुलींनीं एक काम अंगावर घेतलें. शाळेच्या वार्षिकांत आजवर जे लेख प्रसिद्ध झाले, त्यांची गांववार सूची करून ती संकेतस्थळावर मांडावयाची. अमरावती-अकोल्याकडील कोणीही आपल्या गांवाच्या नांवावर बोट ठेवावें आणि त्या गांवच्या विद्यार्थ्यांनीं लिहिलेले सर्व लेख त्यास एके ठिकाणीं दिसावेत, असा त्यांचा बेत होता. वर्गांतील एका मुलीचे आजोबा मूळचे धारणीचे. त्यांनीं शाळेंत असतांना लिहिलेला एक निबंध जुन्या अंकांत होता. तो त्यांना स्नेहसंमेलनाच्या दिवशीं दाखवावा ही तिची इच्छा. संमेलनास तीन आठवडे उरले होते. काम पायथॉन भाषेंत, जँगो नांवाच्या चौकटीच्या साह्यानें करावयाचें ठरलें. तें पुरें झालें. परंतु मधले जे दिवस बिघाड शोधण्यांत गेले त्यांनींच आम्हां सर्वांस अधिक शिकविलें. तेंच येथें सांगावयाचें आहे.

चौकट म्हणजे काय?

घर बांधणारा सुतार दारांच्या चौकटींचा आकार दर घरीं नव्यानें शोधीत बसत नाहीं. ठरलेल्या मापाची चौकट तो बसवितो, आणि आपलें कौशल्य घराच्या खास कामांत खर्च करितो. संकेतस्थळ बांधतांनाहि कांहीं कामें दर वेळीं करावींच लागतात. पाहुण्याची मागणी ओळखणें, नोंदी जपून ठेवणें, पान तयार करून देणें, चोरापासून राखण करणें, हीं तीं कामें होत. तीं आधींच करून ठेवणारी सामग्री म्हणजे चौकट.

जँगोचा जन्म एका वर्तमानपत्राच्या कचेरींत झाला. अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ हें पत्र निघे. तेथें एड्रियन होलोव्हाटी व सायमन विलिसन ह्या दोघां तरुणांनीं २००३ सालीं तिचा पाया घातला, आणि जुलै २००५ मध्यें ती सर्वांस मोफत खुली झाली. जँगो राइनहार्ट ह्या गिटारवादकाच्या नांवावरून तिचें नांव ठेविलें आहे. १९२८ सालीं आगींत भाजून त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें अधू झालीं. तेव्हां उरलेल्या बोटांनीं वाजविण्याची नवी रीत त्यानें स्वतः बसविली. अडचण आली म्हणून वाद्य खालीं ठेवूं नये, हें त्याच्यापासून आमच्या विद्यार्थ्यांनीं घ्यावें.

ह्या चौकटीचे भाग शाळेच्या कचेरीच्या दृष्टान्तानें सहज समजतील. दारावरचा शिपाई आलेल्या पाहुण्याची चिठ्ठी वाचून त्याला योग्य मेजाकडे धाडतो. जँगोंत हें काम पत्त्यांची यादी करिते. तिला यूआरएलची यादी म्हणतात. मेजावरचा कारकून मागणी ऐकून काय द्यावयाचें तें ठरवितो. तो ‘व्ह्यू’ होय. कपाटांतील नोंदवही म्हणजे ‘मॉडेल’. छापील नमुना, ज्यांत नांव-गांव भरून कागद हातीं देतात, तो ‘टेम्प्लेट’. हीं चार स्थळें ध्यानांत असलीं म्हणजे बिघाड झाला असतां ‘कोणाच्या मेजावर अडलें?’ असा नेमका प्रश्न विचारतां येतो.

बोलणाऱ्या चुका

नव्या विद्यार्थ्यास पडद्यावर चुकीचा मजकूर उमटला कीं छाती धडधडते. जणूं परीक्षेच्या कागदावर लाल शाई सांडली! तो मजकूर न वाचतांच तो पान बंद करितो. आमचा पहिला नियम असा कीं, तो मजकूर वाचावा, आणि शेवटून वाचावा. पायथॉन जी चुकीची हकीकत देते तींत कोणत्या ओळीनें कोणास हांक मारली त्याची साखळी क्रमानें असते, आणि प्रत्यक्ष चुकीचें नांव अगदीं शेवटच्या ओळींत असतें. प्रथम ती ओळ वाचावी. मग वर सरकत जाऊन आपण स्वतः लिहिलेल्या धारिकेचें नांव व ओळीचा क्रमांक शोधावा.

दोन उदाहरणें देतों. एकानें गांवांची वही कशी असावी तें मॉडेलमध्यें लिहिलें आणि पान उघडलें; उत्तर आलें, ‘नो सच टेबल’. त्यानें वहीचा नमुना आंखला होता. पण ‘मेकमायग्रेशन्स’ व ‘मायग्रेट’ ह्या दोन आज्ञा दिल्या नव्हत्या, म्हणून कपाटांत वही ठेवलीच गेली नव्हती. दुसऱ्यास ‘टेम्प्लेट डझ नॉट एग्झिस्ट’ असें उत्तर आलें. त्यानें घाबरून सर्व धारिका पुन्हां लिहावयास घेतल्या. वास्तविक त्याच पिवळ्या पट्टीच्या पानावर जँगोनें नमुना कोठें कोठें शोधला त्याची यादी दिली होती. ती वाचतांच त्याला उमगलें कीं आपण कप्प्याच्या नांवांत एक अक्षर कमी लिहिलें आहे.

दुसरा नियम : एका वेळीं एकच बदल करावा. चार ठिकाणीं हात घातल्यावर पान चाललें, तरी कशामुळें चाललें तें कळत नाहीं. आणि जें कळलें नाहीं तें उद्यां पुन्हां बिघडेल.

तिसरा नियम : वही ठेवावी. काय दिसलें, काय केलें, काय झालें, हें लिहावें. १९४७ सालीं हार्वर्ड येथील ‘मार्क २’ ह्या गणकयंत्राच्या एका रिलेंत पतंग अडकलेला सांपडला, तेव्हां तेथील मंडळींनीं तो किडा नोंदवहींत चिकटवून खालीं टीप लिहिली. ती वही अद्यापि जपून ठेवलेली आहे. आमच्या वर्गाच्या वहींत किडे नाहींत. पण ज्या चुकीवर मंगळवारीं दोन तास गेले ती शुक्रवारीं दोन मिनिटांत सुटली, हें त्या वहीमुळेंच.

चौथा नियम : उपाय आयता मिळाला तरी कारण विचारावें. एका मुलाचा अर्ज भरण्याचा नमुना पाठवितांच ‘४०३’ हा नकार येऊं लागला. त्यानें कोठूनसा उपाय उतरून घेतला, नकार थांबला. तो उपाय असा होता कीं, परक्या स्थळावरून खोटे अर्ज येऊं नयेत म्हणून ठेवलेला पहारेकरीच त्यानें त्या पानापुरता उठवून दिला होता. खरा उपाय म्हणजे नमुन्यांत पहाऱ्याच्या खुणेची ‘सीएसआरएफ टोकन’ ही एक ओळ लिहिणें. हल्लीं प्रश्न टाकतांच उत्तर लिहून देणारीं यंत्रेंहि घरोघर आलीं आहेत. त्यांना विचारण्यास आमची ना नाहीं. मात्र त्यांनीं दिलेली प्रत्येक ओळ काय करिते हें जोंपर्यंत आपल्या शब्दांत सांगतां येत नाहीं, तोंपर्यंत ती आपल्या कामांत घालूं नये.

न बोलणारी चूक

आतां मुख्य हकीकत. प्रत्येक गांवाच्या पानाला पत्ता हवा होता. गांवाच्या नांवावरून पत्त्याजोगें आटोपशीर रूप करण्याचें साधन जँगोंत आहे. त्या रूपास ‘स्लग’ म्हणतात. हा शब्दहि वर्तमानपत्राच्या धंद्यांतलाच. बातमीला कचेरींत जें छोटें नांव देतात तें स्लग. मुलांनीं हें साधन लावलें आणि गांवांचें पान उघडलें, तों ‘नो रिव्हर्स मॅच’ अशी चूक आली. शेवटून वाचतां कळलें कीं पत्ता बनेना, कारण स्लगच्या जागीं कांहींच नव्हतें. हें साधन एरवीं रोमन अक्षरांखेरीज सर्व अक्षरें गाळून टाकतें. मराठी नांवाचें त्यांत कांहींच उरत नाहीं.

“सर, ह्याला मराठी येतच नाहीं, आपण गांवांचीं नांवें इंग्रजी अक्षरांत लिहूं,” असें एकानें सुचविलें. दिवस थोडे होते, आणि आम्हांसहि क्षणभर तें पटलें. पण ती धारणीची मुलगी म्हणाली, “माझे आजोबा कोणत्या अक्षरांत शोधतील?” ह्यावर कोणापाशीं उत्तर नव्हतें. मग साधनाची माहिती नीट वाचली. इतर लिप्यांचीं अक्षरें राहूं द्यावयाचीं असतील तर एक कळ फिरवावी लागते, असें तेथें लिहिलें होतें. ती फिरविली. पत्त्यांच्या यादींतील ‘स्लग’ हा सांचाहि फक्त रोमन अक्षरें व अंक ओळखतो; म्हणून त्याऐवजीं ‘एसटीआर’ हा साधा सांचा घातला. पानें उघडलीं, आणि वर्गांत टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशीं तीच मुलगी पडद्याकडे बोट करून म्हणाली, “सर, ह्यानं तं आमच्या गावाचं नावच खाऊन टाकलं!” पत्त्यांत ‘धारणी’ नव्हतें, ‘धरण’ होतें. आम्ही इतर पत्ते पाहिले. ‘अमरावती’चें ‘अमरवत’, ‘अकोला’चें ‘अकल’, आणि ‘मूर्तिजापूर’चें ‘मरतजपर’! मुलें पोट धरून हंसलीं. पण बाब हंसण्यावारीं नेण्याजोगी नव्हती. वडाळी व वडाळा अशीं दोन गांवें यादींत आलीं तर दोहोंचाहि पत्ता ‘वडळ’च व्हावयाचा, आणि एका गांवचा लेख शोधणारा दुसऱ्याच गांवांत जाऊन पोहोंचावयाचा.

ध्यानांत घ्या, ह्या वेळीं पिवळें पान आलें नाहीं. यंत्राच्या दृष्टीनें सर्व कांहीं ठीक चाललें होतें. अशी न बोलणारी चूक शोधावयाची कशी? कोणी टंकास दोष दिला, कोणी कळफलकास. आम्हीं सांगितलें, तर्क करूं नका. कालव्याचें पाणी कोठें मुरतें तें पाहणारा शेतकरी जसा मध्यावर जाऊन पाहतो, तसें पाहा. मध्यावर पाणी असेल तर गळती पुढें; नसेल तर मागें. नोंदवही उघडली, तेथें ‘धारणी’ पूर्ण होतें. पानावरचा मथळा पाहिला, तोहि पूर्ण. केवळ पत्ता तुटका. म्हणजे स्लग करणाऱ्या साधनाखेरीज दोषी कोणी उरलें नाहीं. मग सर्व संकेतस्थळ बाजूस ठेवून, पायथॉनच्या रिकाम्या पटलावर त्या साधनास एकच शब्द दिला. उत्तर तेंच : ‘धरण’. मोठा बिघाड एवढासा करून हातावर घेतां आला, म्हणजे अर्धें काम झालें.

जँगोचा सर्व मजकूर वाचण्यास खुला आहे. मुलांनीं तें साधनच उघडून पाहिलें. तें अवघ्या कांहीं ओळींचें. त्यांत एक ओळ अशी कीं, शब्दाचें अक्षर, मोकळी जागा व जोडरेघ ह्यांखेरीज जें असेल तें पुसावें. आतां ‘शब्दाचें अक्षर’ कशास म्हणावें? यूनिकोडच्या कोष्टकांत देवनागरीस १२८ घरें दिलेलीं आहेत. त्यांत क, ख, अ, आ हीं ‘अक्षरें’ ह्या वर्गांत आहेत. परंतु काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार व हलन्त हीं ‘चिन्हें’ ह्या निराळ्या वर्गांत. पायथॉनचा ठराविक नियम अक्षरांस व अंकांस शब्दांत घेतो, चिन्हांस घेत नाहीं. म्हणून व्यंजनें राहिलीं आणि स्वरचिन्हें पुसलीं गेलीं. यंत्रानें आज्ञा अक्षरशः पाळली. नियम करणाऱ्यांच्या नजरेसमोर ज्या लिप्या होत्या त्यांत क आणि काना असा संसार नव्हता, एवढेंच.

कारण कळल्यावर उपाय लहान होता. मुलांनीं आपलें स्वतःचें पांच-सहा ओळींचें साधन लिहिलें : प्रत्येक वर्णाचा यूनिकोडमधील वर्ग पाहावा, अक्षर, चिन्ह किंवा अंक असेल तर ठेवावा, मोकळ्या जागेची जोडरेघ करावी, बाकी गाळावें. आणि, हें विशेष, त्यांनीं लगेच एक चांचणी लिहून ठेविली. ‘धारणी’, ‘अकोला’, ‘मूर्तिजापूर’ हीं तीन नांवें साधनांतून जशीच्या तशीं बाहेर आलीं पाहिजेत. पुढें कोणीं कांहींहि बदललें तरी ही चांचणी चालविली म्हणजे ती चूक पुन्हां शिरल्यास ताबडतोब कळेल. न बोलणाऱ्या चुकीला अशा रीतीनें वाचा फुटते.

तात्पर्य

पालकांपैकीं पुष्कळांची अशी समजूत आहे कीं संगणकाची विद्या ही इंग्रजीची व गणिताची. मराठीचें तेथें काय काम? त्यांना आमचें नम्र सांगणें एवढेंच कीं, ह्या वर्गांतील सर्वांत अवघड चूक जिनें पकडली, ती सर्वांत वेगानें टंकन करणारी नव्हती, सर्वांत अधिक आज्ञा पाठ असलेलीहि नव्हती. ‘धारणी’ आणि ‘धरण’ ह्यांतील फरक तिला खटकला, कारण तें तिच्या आजोबांचें गांव होतें. यंत्र काय करितें हें पुस्तकांतून शिकतां येतें. काय व्हावयास हवें होतें, हें मात्र ज्याला त्या विषयाची ओळख व आंच आहे तोच सांगूं शकतो. इंग्रजी अवश्य शिकावी, तिच्यावांचून जँगोची माहिती वाचतां यावयाची नाहीं. पण आपली भाषा कच्ची ठेवून कोणी पक्का कारागीर होत नाहीं.

ज्यांना आरंभ करावयाचा आहे त्यांनीं प्रथम पायथॉनचीं मूलतत्त्वें, म्हणजे याद्या, अटी, फेरे व कार्यें, घटवावीं. त्यानंतर जँगोच्या मूळ माहितीपत्रांतील मतदानाच्या नमुन्याचा पाठ आपल्या हातानें लिहून करावा, उतरवून नव्हे. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमांत संगणकाच्या अनेक विषयांचे धडे मराठींतहि ऐकावयास मिळतात. पाठ झाला कीं आपल्या गांवचें, घरचें, शेतीचें एखादें लहानसें खरें काम घ्यावें. चुका येतीलच. जी बोलते तिचें शेवटचें वाक्य वाचावें. जी बोलत नाहीं तिच्यासाठीं डोळे उघडे ठेवावे.

संमेलनाच्या दिवशीं ते आजोबा आले. त्यांनीं गांवांच्या यादींत आपलें गांव स्वतः शोधलें, त्यावर बोट ठेविलें, आणि चष्मा सारखा करून आपला निबंध शेवटपर्यंत वाचला. मग नातीला म्हणाले, “ह्यांत शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत.” तिनें वही काढली आणि त्या लिहून घेतल्या.