आधी खोली, मग माइक, शेवटी सॉफ्टवेअर

घरी रेकॉर्डिंग सुरू करायला निघालेली गाणारी-वाजवणारी मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" दुसरा प्रश्न माइकचा. खोलीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. म्हणून आमच्या आधीच्या रेकॉर्डिस्टांनी आमच्या कानात घातलेली गोष्ट सगळ्यात आधी सांगतो. आवाज ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने पैसा खर्च करावा. गळ्यातून निघालेला सूर आधी खोलीत घुमतो, मग माइकमध्ये शिरतो, तिथून वायरीने इंटरफेसमध्ये आणि अगदी शेवटी कॉम्प्युटरमध्ये पोचतो. वाटेच्या सुरुवातीला जे बिघडलं, ते पुढचं महागडं यंत्रही धड दुरुस्त करू शकत नाही.

1902 मध्ये ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा माइक नव्हताच. कलाकार एका कर्ण्यासमोर गात. विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं ते 1925 च्या सुमारास. तोवर कोणाचा आवाज किती यावा, हे माणसांना पुढे-मागे बसवूनच ठरत असे. कोणी कुठे बसावं, कुठे तोंड करावं, ही विद्या आजही फुकट मिळते. आधी ती शिकून घ्या.

खोली ऐकायला शिका

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक जोरदार टाळी वाजवा. टाळीमागून 'ट्रिंग' असा धातूसारखा नाद आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. कपड्यांनी भरलेलं कपाट, पुस्तकांची मांडणी, गादी, जाड पडदा, सतरंजी यांनी तो नाद मरतो. म्हणून हॉलपेक्षा झोपण्याची खोली रेकॉर्डिंगला बरी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी फारसं काही साधत नाही आणि ते पेट घेतात. पातळ फोमही फक्त वरचे, तीक्ष्ण स्वर शोषतो, खर्जातलं घुमणं तसंच राहतं.

आता एक बारकावा. गोधडी टांगायची झाली तर बहुतेक जण ती माइकच्या मागे, म्हणजे गाणाऱ्याच्या समोर टांगतात. पण आपण वापरतो ते बहुतेक माइक कार्डिऑइड जातीचे असतात. त्यांना समोरचं नीट ऐकू येतं, पाठीमागचं फार कमी. माइकच्या समोर असतो गाणारा आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. त्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट माइकच्या तोंडात जातो. एकच गोधडी असेल तर ती गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून टांगली तर जास्त काम करते.

मग एक मिनिटाची नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. फ्रिजची घरघर, पंखा, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, खालच्या रस्त्यावरची रिक्षा, सगळं हजर असेल. पंखा बंद ठेवावाच लागेल, म्हणून उन्हाळ्यात कडव्याकडव्याने गा आणि मधे विसावा घ्या. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे काम संपल्यावर तो पुन्हा सुरू करायचं राहणार नाही. कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळा टाळा. रात्री उशिराची वेळ सगळ्यात निवांत.

माइक: डायनॅमिक आधी

कंडेन्सर माइक कमालीचा संवेदनशील असतो आणि त्याला इंटरफेसमधून 48 व्होल्टची फँटम पॉवर लागते. पण तो शेजारच्यांचा टीव्हीही तितक्याच आस्थेने टिपतो. खोली शांत नसेल तर पहिला माइक डायनॅमिक घ्या. शुअरचा एसएम 58 हा 1966 पासून बाजारात आहे आणि आजही गावोगावच्या भजनापासून मोठ्या मैफिलींपर्यंत चालतो. तेवढंही बजेट नसेल तर बेरिंगरचा एक्सएम 8500 सरावाला उत्तम. लोकप्रिय माइकची नक्कल सर्रास विकली जाते, म्हणून बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. एवढ्या स्वस्तात कसा मिळाला असं वाटलं, तर तो घेऊ नका.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याची दमट हवा कंडेन्सरच्या नाजूक पडद्याला मानवत नाही. काम झालं की तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

डायनॅमिक माइक तोंडापासून चार बोटांपासून वीतभरापर्यंत, कंडेन्सर वीतभर ते फूटभर. फार जवळ गेलात तर खर्ज फुगतो, फार लांब गेलात तर खोली ऐकू येते. 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा झोत बसतो, म्हणून माइक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला वळवा. पॉप फिल्टर विकत घ्यायचा नसेल तर भरतकामाच्या रिंगमध्ये नायलॉनचा पातळ मोजा ताणून बसवा, काम होतं.

पेटी, तबला, तानपुरा

स्वतः पेटी वाजवत गाणाऱ्यांची तक्रार असते की पेटी गळ्यावर चढते. यावर उपाय जागेचाच. माइक तोंडाच्या उंचीवर आडवा धरण्याऐवजी थोडा खाली आणा आणि त्याचं तोंड वर, ओठांकडे करा. आता माइकची बहिरी बाजू पेटीकडे आली. पेटीचा आवाज आपोआप मागे जातो. पेटीला वेगळा माइक लावायचा असेल तर तो वरून, दीड-दोन फुटांवरून लावा आणि भात्याच्या हवेपासून दूर ठेवा. दोन माइक असताना एकास तीनचा नियम पाळा. पहिला माइक तोंडापासून एक वीत असेल, तर दुसरा पहिल्यापासून किमान तीन विती लांब हवा. नाहीतर एकच सूर दोन माइकमध्ये थोड्या वेळेच्या फरकाने पोचतो आणि आवाज पोकळ होतो.

तबल्याला एकच माइक असेल तर एक कान बोटाने बंद करा, दुसरा कान दोन्ही वाद्यांच्या वर दीड फुटावर न्या आणि हळूहळू सरकवत ऐका. चाटीचा टणत्कार आणि डग्ग्याचा घुमार जिथे समतोल वाटेल, तिथे माइक. तानपुऱ्याला घोडीपासून फूटभर अंतर द्या, जवारीचा झंकार तिथे उमटतो.

तानपुरा ॲपवरचा असेल तर तो स्पीकरवर लावून गाऊ नका. तो गळ्याच्या माइकमध्ये मिसळला की वेगळा काढता येत नाही. हेडफोनमध्ये ऐका आणि त्याचा ट्रॅक स्वतंत्र ठेवा. आणखी एक. जुनी पेटी 440 हर्ट्झच्या मापाला जुळेलच असं नाही. नंतर कीबोर्ड जोडायचा विचार असेल तर फोनवरच्या ट्यूनरने पेटीची पट्टी आधीच तपासा, नाहीतर काळी एकची पेटी आणि काळी एकचा कीबोर्ड एकत्र वाजूनही बेसूर लागतील.

इंटरफेस

इंटरफेस म्हणजे माइकचा आवाज कॉम्प्युटरला समजेल अशा रूपात पोचवणारी डबी. साधे इंटरफेस पाच-सात हजारांपासून मिळतात. बेरिंगर, फोकसराइट, एम-ऑडिओ ही नावं सहज सापडतात. पैसे थोडे वाढवता आले तर दोन माइकच्या जागा असलेला घ्या, कारण गळा आणि पेटी वेगळी घ्यायची वेळ लवकरच येते. फँटम पॉवर हवी आणि डायरेक्ट मॉनिटरचं बटण हवं. त्या बटणामुळे स्वतःचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता लगेच हेडफोनमध्ये येतो. आवाज मागे पडू लागला की लय डगमगते. यूएसबी माइक सोपा असतो, पण त्याच्या जोडीला दुसरा माइक लावणं जिकिरीचं होतं. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा ॲसिओ ड्रायव्हर टाका, म्हणजे आवाज मागे पडणं कमी होतं.

सेटिंग 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झ. रेकॉर्ड करण्याआधी आलाप नव्हे, तार षड्ज लावून पाहा. सगळ्यात मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहिला पाहिजे. 24 बिटमध्ये हळू आवाज नंतर वाढवता येतो, पण लाल दिव्यात फाटलेला सूर परत मिळत नाही.

गुणगुण ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरच्या किंवा अर्थिंगच्या बाजूचा आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो जिवावर बेतू शकतो.

हेडफोन

बंद कपांचे, वायरचे हेडफोन घ्या. ब्लूटूथने आवाज उशिरा पोचतो. छोट्या खोलीत मॉनिटर स्पीकर खर्जाबद्दल फसवतात, म्हणून ते नंतर. मिक्स झाल्यावर फोनवर, टीव्हीवर, गाडीत ऐकून पाहा. यूट्यूब साधारण उणे 14 एलयूएफएसपेक्षा (हे गाण्याच्या एकूण मोठेपणाचं माप) मोठी गाणी स्वतःच खाली आणतं. तेव्हा नुसता आवाज वाढवण्याच्या मागे लागू नका.

सॉफ्टवेअर

इथे खर्च जवळजवळ शून्य. एक गळा, एक वाद्य, कापणं-जोडणं एवढंच असेल तर ऑडेसिटी मोफत आहे आणि पुरेसं आहे. ॲपलचा कॉम्प्युटर किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड मोफत मिळतं. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स चालवणाऱ्यांसाठी आर्डर आहे. अनेक ट्रॅक घेणार असाल तर माझा कौल रीपरला. ते आकाराने लहान, जुन्या यंत्रावरही चालणारं आहे. 60 दिवस सगळ्या सोयींसह वापरून पाहता येतं आणि वैयक्तिक वापराचा परवाना 60 डॉलरचा आहे. इक्वलायझर, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब त्यातच येतात.

निवडताना तीनच गोष्टी पाहा. आपल्या लॅपटॉपवर ते न अडखळता चालतं का, अडलं तर विचारायला ओळखीचं कोणी ते वापरतं का, आणि डब्ल्यूएव्ही फाइल सरळ काढता येते का. एक निवडा आणि निदान वर्षभर बदलू नका. चोरीचं सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो आणि वर्षाची मेहनत एका दिवसात जाते. एका ट्रॅकचा एक तास सुमारे 500 एमबी होतो, म्हणून प्रत्येक काम संपलं की दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा.

खरेदीचा क्रम

वीस-पंचवीस हजार हाताशी असतील तर इंटरफेस, एक डायनॅमिक माइक, भक्कम स्टँड, चांगली एक्सएलआर केबल आणि हेडफोन एवढं बसतं. कंडेन्सर, मॉनिटर स्पीकर, प्लगइन पुढच्या वर्षी. तेवढेही नसतील तर फोन घ्या, तो एरोप्लेन मोडवर टाका, मऊ कापडावर ठेवा आणि तासभर शांत खोलीत बसा.

आणि सामान जमेपर्यंत थांबू नका. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, आजोबांची भूपाळी, गावच्या बुवांच्या जुन्या चाली आजच घ्या, फोनवर घ्या. फाइलला नाव देताना गाणाऱ्याचं नाव, गाव, तारीख आणि पट्टी लिहा. सामान पुढेही घेता येईल, पण त्या चाली गाणारी माणसं पुढे भेटतीलच असं नाही.