आधी पाणी शोधा, मग पेटी बदला

जुलैतली सकाळ, कल्याण-शीळ रस्ता, काटई नाक्याच्या अलीकडची नेहमीची रांग. पाऊस थांबलेला, ऊन पडलेलं, आणि एका सात वर्षं जुन्या हॅचबॅकचे वायपर कोरड्या काचेवर खरवडत सुटलेले. दांडी बंद केली तरी थांबेनात. मग चारही दरवाज्यांचं सेंट्रल लॉक खटखट उघडझाप करू लागलं. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून कळवलं, ‘‘काका, पाऊस थांबला की!’’ गाडीतले काका म्हणजे प्रस्तुत लेखक. त्याला ठाण्याला पोचायचं होतं. दुपारी तो टोइंगच्या गाडीत, ड्रायव्हरशेजारी बसून, डोंबिवलीला घरी परतला.

पुढच्या तीन आठवड्यांत त्याचे १७,३०० रुपये गेले. त्यातले कामाला आले फक्त १,८००. बाकीचे कुठे गेले, हे इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगायला हवं.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला. पडद्यावर ‘यू०१४०’ हा कोड आला आणि निकाल लगेच लागला: ‘‘बीसीएम गेलंय, साहेब. बदलावं लागेल.’’ बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. पूर्वी हेडलाइटच्या बटणापासून दिव्यापर्यंत तिथल्या तिथे वायर आणि रिले असे. आता वायपर, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, काचा, दरवाज्यांची लॉकं यांची बटणं फक्त निरोप देतात. निरोप जातो डॅशबोर्डखालच्या एका प्लॅस्टिकच्या पेटीकडे आणि काय चालू करायचं ते ती पेटी ठरवते. इंजिनाच्या, एअरबॅगच्या अशाच इतर पेट्यांशी ती एकमेकींना पीळ दिलेल्या दोन वायरींवरून बोलते. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये डेट्रॉइटला जगापुढे मांडली.

‘यू०१४०’चा अर्थ एवढाच, की इतर पेट्यांना बीसीएमचा आवाज ऐकू येत नाही. तो का येत नाही, हे कोड सांगत नाही. फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’ लागला म्हणून कुणी तेराव्याची तयारी करत नाही. इथे मात्र ती झाली. नवी पेटी महाग, म्हणून त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतून काढलेली जुनी आणली, ६,५०० रुपयांना. ती बसवल्यावर गाडी सुरूच होईना. डॅशबोर्डवर चावीचा लाल दिवा लुकलुकत राहिला. खरी चावी ओळखूनच इंजिन सुरू होऊ देणाऱ्या इमोबिलायझरची ओळख याच पेटीत होती आणि या पेटीला दुसऱ्याच कुणाच्या चाव्या ठाऊक होत्या. पेटीला आपल्या चाव्या शिकवायला कोडिंगवाला बोलावला, चाव्यांसकट ४,००० रुपये. गाडी नऊ दिवस गुणी बाळासारखी चालली. दहाव्या दिवशी रात्रभर कोसळला आणि सकाळी वायपर पुन्हा नाचायला लागले. दोन वेळचं टोइंग ५,०००.

शेवटी कुणीतरी मानपाडा रोडच्या एका आतल्या गल्लीतले वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन सुचवले. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. विचारलं, ‘‘साहेब, गाडी उभी कुठे करता?’’

सोसायटीत, सोनमोहराखाली.

‘‘आणि हे पाऊस झाल्यावरच होतं ना?’’

लेखकाने होकार दिला आणि हे आपल्याला कुणी आधी विचारलंच नव्हतं, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. अर्थात आपणहून सांगायचं त्यालाही सुचलं नव्हतं. त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं. वरून सगळं कोरडं. पण खालचा फोम दाबला तसा पचकन पाणी आलं. मग बोनेट उघडून त्यांनी काचेखालच्या जाळीत बाटलीभर पाणी ओतलं आणि लेखकाला डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बसवलं. मिनिटभरात इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, म्हणजे फायरवॉलच्या, रबरातून एक थेंब आला, वायरिंगच्या जाड जुडग्यावरून घसरत घसरत पेटीला वायरी जोडणाऱ्या कपलरपाशी येऊन लोंबला आणि आत गेला. कपलर काढला तर दोन पिनांवर हिरवा बुरा चढलेला. जाळीखालचं पाणी बाहेर टाकणारं भोक सोनमोहराच्या बारीक पानांनी आणि पिवळ्या पाकळ्यांनी गच्च बुजलं होतं.

भोक मोकळं केलं, रबर नीट बसवलं, दोन पिना बदलल्या, कपलर कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन वाळवला. आणखी एक साधी युक्ती केली. कपलरच्या आधी वायरीला खाली झोळ दिला, म्हणजे चुकून थेंब आलाच तर तो झोळातून खाली गळेल, पेटीत शिरणार नाही. बिल १,८०० रुपये. गाडीची मूळ पेटी खरंच खराब होती का? ती पहिल्या गॅरेजातून भंगारात गेली, त्यामुळे ते आता कधीच कळणार नाही.

कपलरचा असा फसवा दोष फक्त गल्लीतल्या गॅरेजात दिसतो असं नाही. अमेरिकेत मे २०१४ मध्ये जनरल मोटर्सने शेव्हरोले मालिबू, पॉन्टिअॅक जी६, सॅटर्न ऑरा अशा सुमारे २४ लाख गाड्या परत बोलावल्या. ब्रेक न दाबता मागचे दिवे लागत आणि दाबले तरी कधी लागत नसत. दोष बीसीएमच्या जोडणीत निघाला: बारीक थरथरीने पिना घासून त्यांचा विद्युतरोध वाढत होता. उपाय होता कपलर घट्ट बसवून त्यात खास ग्रीस भरण्याचा. पेटी सरसकट बदलण्याची गरज नव्हती.

तेव्हा गाडीने असं काही सुरू केलं तर तपासाचा क्रम हा ठेवावा. सर्वांत आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीचा व्होल्टेज १२.६ च्या आसपास असतो, १२.२ च्या खाली गेला तर पेट्या भ्रमिष्टासारख्या वागू शकतात. इंजिन चालू असताना साधारण १४ दिसायला हवा. मग फ्यूज, तेही नुसते डोळ्यांनी न पाहता मीटर लावून. त्यानंतर अर्थिंग. हेडलाइट चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून पेटीच्या अर्थ पिनेपर्यंत व्होल्टेज मोजावा. तो ०.१ च्या आत हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर बोल्ट गंजलाय, पेटी नाही.

चौथी पाळी पाण्याची. मॅटखाली हात घाला, काचेखालची जाळी पाहा, सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या आणि एसीचा ड्रेन तपासा. उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, तेही इथेच दिसतं. पावसाळ्यात उबदार बोनेट त्यांना आवडतं. मगच कपलर. दोन सूचना मात्र पाळाव्यात: कपलर काढण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह सोडावं, आणि पिवळ्या कपलरांना मीटर अजिबात लावू नये. ते एअरबॅगचे असतात.

शेवटी कॅनच्या वायरी. बॅटरीचं निगेटिव्ह सोडून, स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमध्ये रोध मोजला तर बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम येतो. दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक असतो, म्हणून ६०. मीटर १२० दाखवत असेल तर कुठेतरी वायर तुटलीय. शून्याजवळ असेल तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. गाडीचा वायरिंगचा नकाशा जवळ असलेल्या माणसाकडूनच हे करून घ्यावं.

पेटीला वीज नीट मिळते, अर्थ पक्का आहे, कॅन शाबूत आहे, बटणाचा निरोप आत जातो आणि तरी बाहेर काही येत नाही, असं मीटरने दाखवलं, तरच पेटी दोषी. मग बदलताना लेबलवरचा पूर्ण पार्ट नंबर जुळवावा. शेवटचं एक अक्षर वेगळं असलं तरी आतलं सॉफ्टवेअर वेगळं असू शकतं. जुन्या पेटीतली माहिती शक्य असेल तर आधी वाचून घ्यावी. कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्याव्यात, कपाटातलीसुद्धा. कोडिंग चालू असताना बॅटरीला सपोर्ट चार्जर लावला आहे का, ते पाहावं. मध्येच व्होल्टेज पडला तर नवी पेटीही निकामी होऊ शकते. काढलेली पेटी घरी आणावी. बिलावर पार्ट नंबर आणि वॉरंटी लिहून घ्यावी, कारण वाद झाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, किंवा ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाला दाखवायला कागदच लागतो.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट निराळी. २६ जुलै २००५ च्या पुरात काय झालं, ते इथल्या कुणाला सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी चढली आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकली. गाडीच्या सीटपर्यंत पाणी आलं असेल तर ‘बघू तरी’ म्हणून चावी फिरवू नये. निगेटिव्ह सोडावं, फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावं. जुनी गाडी घेतानाही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. धुतलेल्या गाडीतही चिखलाची रेघ बेल्टच्या टोकाला राहून जाते.

लेखकाची गाडी आता सोसायटीच्या दुसऱ्या कोपऱ्यात उभी असते. सोनमोहराखाली शेजाऱ्यांची नवी एसयूव्ही आली आहे. त्यांना सांगून झालंय, आता वाचकांनाही सांगतो: मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी बोनेट उघडा, काचेखालच्या जाळीतला पाला काढा, तांब्याभर पाणी ओता आणि ते पुढच्या चाकामागून जमिनीवर पडतंय का, ते वाकून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.