वक्राच्या तळाशी

दहावी-अकरावीच्या मुलांकडून वर्ग बहुपदींचे आलेख काढून घेण्यात बरीच वर्षं गेली. शिरोबिंदू शोधताना कळलेल्या या काही गोष्टी.

१. तळ नुसत्या नजरेने ठरवू नये. य = क्ष² − ३क्ष + २ साठी मुलं क्ष ०, १, २, ३ घेतात. य येतो २, ०, ०, २. मग मधल्या दोन बिंदूंना पट्टी लावून आडवी रेघ ओढतात. शिरोबिंदू विचारला की एक जण (१, ०) म्हणतो, दुसरा (२, ०). वक्र तिथे सपाट नसतोच, क्ष १.५ ला तो −०.२५ पर्यंत उतरतो. पूर्णांकांच्या तक्त्यात ही पाव एककाची खोली दिसत नाही. पूर्वी मी इथे सरळ गुण कापत असे, आणि ते चुकीचं होतं. आता एवढंच विचारतो: दोन बिंदू एकाच उंचीवर आहेत, तर मधे काय होत असेल? सममिती मुलांना आपली आपण सापडते.

२. सारख्या उंचीचे दोन बिंदू घ्यावेत आणि त्यांचा मध्य काढावा. ते क्ष-अक्षावरच हवेत असं नाही. क्ष² − ४क्ष + ७ चा वक्र त्या अक्षाला शिवतही नाही, म्हणून मुळं शोधणारा तिथे अडतो. पण क्ष ० आणि ४ असताना उंची ७ आहे. मध्य २, तिथली उंची ३. झाला शिरोबिंदू (२, ३).

३. शंका आली तर आलेख कागदाची उभी घडी घालून उजेडासमोर धरावा. दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्या की घडी हाच सममिती अक्ष.

४. शिरोबिंदू (३, −४) वाचून कंसात क्ष + ३ लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. चिन्हाचा नियम पाठ करून घेऊ नये. क्ष ३ असताना कंस शून्य व्हायला हवा, हे त्यांना पडताळून पाहू द्यावं.

५. शिरोबिंदूपासून क्ष एकाने वाढवला की य जितका बदलतो, तितका क्ष² चा सहगुणक. पुढच्या पावलाला त्याच्या तिप्पट, मग पाचपट. पडणारी वस्तू समान कालखंडांत १, ३, ५ या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात मांडलं. तोच हा क्रम. कागदावरचे चौकोन मोजण्याआधी मात्र दोन्ही अक्षांवरचं प्रमाण वाचावं.

−ब/२अ हे सूत्र मी हल्ली सगळ्यात शेवटी देतो. गणित शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे, तुम्हीही मुलांच्या हाती आधी आलेख कागद द्या.