सूनबाईला सांगितलंस का?

म्हसावद,
कोजागिरीनंतरचा मंगळवार

चि. बापू,

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू "हो फुई, हो फुई" करून मोकळा होतोस. म्हणून लिहायला बसले. वाचून झाल्यावर फाडून टाक हवं तर, पण आधी पूर्ण वाच.

पाडळद्याचा जो मुलगा तुझ्या कंपनीत लागलाय, त्याची आई परवा शहाद्याच्या स्टँडवर भेटली. कापसाचा भाव झाला, वेचणीला मजूर मिळत नाहीत हे झालं आणि मग सहज म्हणाली, "तुमच्या भाच्याला साखर निघाली म्हणे. कंपनीत तपासणी झाली ना." मी म्हटलं, "हो, माहीत आहे." काय करणार? बाहेरच्या बाईकडून घरातली बातमी कळते आहे, हे तिला कशाला दिसू द्यायचं! तिने आकडाही सांगितला. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती रक्ताची तपासणी, तिच्यात ६.५ आणि पुढे गेलं की मधुमेह धरतात. तुझा ८.५.

आकड्याने मी घाबरले नाही. या देशात आता हा आजार कुणाला नाही ते विचारावं. आपल्या शहाद्याचे डॉक्टर सांगत होते, २०२३ साली आयसीएमआरची देशभराची पाहणी छापून आली, तिच्यात १० कोटींहून जास्त मधुमेही निघाले आणि आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर उभे. तेव्हा तू काही जगावेगळा नाहीस. मी घाबरले ते तिच्या पुढच्या वाक्याने. "घरी कळू द्यायचं नाही म्हणून माझ्या पोराला बजावलंय त्यांनी."

बापू, सूनबाईला सांगितलंस का?

तुझ्या वडिलांनी, माझ्या दादाने, हा आजार किती वर्षं लपवला ते मी तुला सांगायला नको. वहिनीला कळलं तेव्हा अंगठा काळा पडून गेला होता. पुढचं तू स्वतः पाहिलंयस, नाशिकच्या त्या वॉर्डात रात्री तूच बसायचास. पायात काटा मोडलाय हे माणसाला कळतच नाही, नसा बधिर झालेल्या असतात, दुखत नाही म्हणून तो म्हणतो बरं आहे. दादा असाच म्हणायचा. बरं आहे, बरं आहे. आणि गोळी तंबाखूच्या डबीत लपवायचा, कोणी पाहिलं की डोकेदुखीची म्हणायचा. तुझी गोळी कुठे असते? ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये? मग शनिवार-रविवारी काय करतोस?

मागच्या आठवड्यात सूनबाईचा फोन आला होता. केवढी हरखली होती! घरात ओव्हन आलाय, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन नानकटाई करायची, केक करायचा, डबे भरून नातेवाइकांना द्यायचे. प्रमाण विचारत होती माझ्याकडे. "यांना नानकटाई फार आवडते ना, फुई." मी प्रमाण सांगितलं. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. आता ती पोर तुझ्यासाठी तूप फेसणार, तुझी लेक पिठीसाखर चाळणार, पहिला घाणा तुझ्याच पुढे ठेवणार आणि तू हसून खाणार. एक नाही, चार. कारण कमी खाल्ल्या तर ती विचारेल. ही कसली रीत झाली? जी तुझ्या जिवासाठी करते तिच्याच हातून तू स्वतःला विष घालून घेणार?

रागाने लिहिलं. विष नाही ते. खोडत नाही, पण तेवढं तीव्र वाचू नकोस.

आता तू म्हणशील, मग सांगतो, आणि ओव्हनच बंद करायला लावतो, गोडधोडच नको घरात. तेही नको! पथ्याच्या नावाखाली घराची दिवाळी सुतकी करणारे पुरुष मी पाहिलेत. आपण शहादा तालुक्याची माणसं, पुरुषोत्तमनगरचा कारखाना आपल्या उसावर उभा राहिला, आपल्याला साखरेशी वैर कसं परवडेल? मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

आपल्या प्रकाशा गावच्या घरी दिवाळीआधी शहाद्याच्या भट्टीवर नंबर लावावा लागायचा, आठवतं का तुला? तू लहान होतास, दादाच्या सायकलवर पुढे बसून यायचास. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप, इलायची, सगळं घरून न्यायचं. भट्टीवाला किलोमागे मजुरी घ्यायचा. किलोभर मैद्याला पाऊण किलो तूप आणि पाऊण किलो साखर, हे प्रमाण आईचं. ज्या साली तूप पुरत नसे त्या साली ताडाच्या झाडाचं चित्र असलेला डालड्याचा डबा. (तो आपण किती वर्षं कौतुकाने खाल्ला! त्याच्यातली ट्रान्स फॅट काळजाच्या शिरांना वाईट, हे फार उशिरा कळलं. आता २०२२ पासून सरकारने ती दोन टक्क्यांवर आणून ठेवलीय. तरी सूनबाईला सांग, थोडी कर पण साजूक तुपाची कर.) बायका रांगेत पोरं मांडीवर घेऊन बसलेल्या, भट्टीतून लाकडांचा धूर, आणि भट्टीवाला लांब दांड्याने पत्रा आत सरकवायचा. नजर चुकली की कडा लाल. आई त्याला सांगायची, "भाऊ, आमचा पत्रा दुसऱ्याच्या पत्र्यात मिसळू नको." प्रत्येकीचं हेच म्हणणं.

दादा तिथे बसल्या बसल्या सुरतेच्या गोष्टी सांगायचा. ताप्ती लाइनची गाडी पकडून तो दोन वर्षं तिकडे कामाला होता ना. डच लोकांच्या भट्ट्या होत्या म्हणे सुरतेत, ते गेल्यावर दोटीवाला नावाच्या पारशाकडे त्या आल्या. त्याचा पाव खपेना, मग त्याच भट्टीत असले सुके प्रकार करता करता नानकटाई झाली. खरंखोटं तापीमाई जाणे. त्या घराण्याची बेकरी मात्र १८६१ पासूनची, अजून आहे. रेल्वेने आपल्याकडे जे काही आणलं त्यात ही नानकटाईही असेल, असं त्याचं म्हणणं.

मुद्दा सोडून भरकटले. सांगत होते ते असं, की तो पत्र्याचा मोठा डबा घरी आला की आई आधी ताटं लावायची. एक शेजारी, एक समोरच्या काकूंकडे, एक सालदाराच्या घरी, धडगावकडून तोडणीला-वेचणीला आलेल्या पावऱ्यांच्या पोरांना ओंजळभर, एक व्याह्यांना, एक भट्टीवर नंबर धरून ठेवणाऱ्या त्या म्हाताऱ्या बाईला. मग डबा माळ्यावर. आम्हा पोरांच्या वाट्याला रोज एक, तीही जेवणानंतर. एवढं तूप, एवढी साखर, आणि तरी तेव्हा त्या घरात साखरेचा आजार नव्हता. काम होतं, पायी चालणं होतं, रोज ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी होती, हे तर आहेच. पण मला वाटतं गोड हे आपल्याकडे खाण्याआधी देण्यासाठी असायचं. करायला दोन दिवस लागायचे, वाटायला एक, आणि खायला उरायचं थोडं. आता करणं संपलं, वाटणं कुरियरवाल्याकडे गेलं, खाणं तेवढं आपल्याकडे उरलं. रात्री अकरा वाजता, फ्रीजच्या उजेडात, एकट्याने. असं करतोस ना? दादा करायचा.

म्हणून म्हणते, सूनबाईला ओव्हन लावू दे. तूही पीठ मळायला बस. बसून मळ, हाताने. साखर घालून तूप इतकं फेस की हलकं होऊन पांढरं पडलं पाहिजे, त्यात तुझा हात चांगला भरून येईल. मुलांना गोळे वळू दे, वाकडे होऊ देत. गोळा लहान, सुपारीपेक्षा थोडा मोठा. आईच्या प्रमाणाने मोठ्या नानकटाईत दीड चमचा तरी साखर जाते, लहानीत निम्मी. निवल्या की ताटं लाव, आणि मुलांच्या हाती दे. शेजारच्या फ्लॅटमध्ये, खाली वॉचमनकडे, भांडीवाल्या मावशींकडे. मुलं स्वतः जिने उतरून जाऊ देत. तुला एक. जेवणानंतर. आणि मग सगळे मिळून अर्धा तास चालून या, सोसायटीतल्या सोसायटीत का होईना.

गुळाची करू नको. गूळ घातला की साखर लागत नाही असं जे कोणी सांगतं ते खोटं, रक्ताला गूळ आणि साखर सारखीच. त्या "शुगर फ्री" लिहिलेल्या पुड्याही नको, मैदा आणि तूप त्यातही असतंच, आणि फुकट आहे समजून माणूस सहा खातो. खरी खा, एक खा. पण हे सगळं कधी होईल? सूनबाईला ठाऊक असेल तेव्हाच. नाहीतर ती तुला दुसरी आग्रहाने वाढणार आणि तू नाही म्हणू शकणार नाहीस.

गेल्या दिवाळीला कुरियरने आलेला तुझा डबा मी परत पाठवणार होते. राग येऊ देऊ नकोस. सोनेरी कागद, आत चॉकलेट, परदेशी बिस्किटं, आणि वर छापील चिठ्ठी, "प्रिय ग्राहक" वगैरे. त्यात तुझं अक्षर कुठे होतं? तुझ्या फुवांनी दोन खाल्ली आणि म्हणाले, महाग दिसतंय. ही त्यांची स्तुती की निंदा ते त्यांनाच माहीत.

पण देणाऱ्याला नावं ठेवायचा मला काय अधिकार! एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, वहिनीलाही नाही. लग्नानंतरची माझी पहिली आखाजी. दादा मुराळी होऊन मला न्यायला इथे म्हसावदला आला. मोठ्या जाऊबाईंचे भाऊ आदल्या दिवशी येऊन जरीचं लुगडं देऊन गेले होते. दादाच्या हातात काय, तर भट्टीवरच्या नानकटाईचा डबा. लुगडं नाही. त्या वर्षी चैत्रात वादळ आलं आणि त्याची केळी आडवी झाली होती, अख्खा बाग, हे मला ठाऊक होतं. तरी मला जाऊबाईंसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, सासूबाईंना बरं नाही, मला येता येणार नाही. सासूबाई ओसरीवर ठणठणीत बसल्या होत्या, त्यानेही पाहिलं. पाणी प्यायला आणि गेला. तिकडे आईने माझ्यासाठी खापरावर मांडे केले होते, झोका बांधून ठेवला होता. मैत्रिणींनी गौराईची गाणी माझ्याविना म्हटली. दादाने घरी काय सांगितलं असेल? हेच सांगितलं असणार, की सासूबाईंना बरं नाही. मरेपर्यंत त्याने तो विषय काढला नाही. पुढे माझ्याकडे लुगडी, साड्या खूप आल्या रे. त्या वर्षीचा झोका मात्र राहून गेला. जायला हवं होतं मी.

त्याच्या लपवण्यातही हेच असेल, आता वाटतं. कोणाला वाईट वाटू नये. तूही त्याच्यावरच गेलास. सूनबाई घाबरेल, मुलं हिरमुसतील, दिवाळी जाईल, असं तुझ्या मनात आलं असेल, आणि मी इथे बसून तुला खोटारडा म्हणतेय. खोटारडा नाहीस तू. लहानपणी ताप आला तरी सांगायचा नाहीस, अंग हाताला लागलं की कळायचं. माझ्याच मांडीवर झोपायचास तेव्हा.

अडतिसाव्या वर्षी आकडा ८.५ म्हणजे वेळ गेलेली नाही बापू. डॉक्टर म्हणतात, लवकर कळलं तर वजन थोडं उतरवून, चालून, गोळी नीट घेऊन हा आकडा खाली येतो. दादाला तपासायलाच उशीर झाला, तुला नाही झाला. वर्षातून एकदा डोळे दाखव. रात्री झोपताना पाय पाहायचे, बोटांच्या बेचक्यांतही. तुला वाकून दिसत नसेल तर लेकीला सांग. तिला ते काम आवडेल, पोरींना डॉक्टर-डॉक्टर खेळायला आवडतंच. ऑफिसातल्या चहात साखर किती आणि दिवसाचे चहा किती, ते तूच मोज, मी विचारत नाही.

आणि यंदा कुरियर नको. दादा गेल्यापासून भाऊबीजेला त्याच्या पाटावर तूच बसतोस, गेल्या वर्षी तो पाट रिकामा राहिला. मी ओवाळायचं ताट तरी करून ठेवलं होतं, फुवा काही बोलले नाहीत. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने शहाद्याला उतरा, तिथून फुवा गाडी घेऊन येतील. मला भेट म्हणून काही आणायचंच असेल तर मुलांनी वळलेल्या चार वाकड्या नानकटाया आणा, कागदात बांधून. पपई लागलीय शेतात, ती मुलांना. तुलाही एक फोड, मोजून. हिरव्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, फुणके आणि कढी करते. त्यातलं काही तुला वर्ज्य नाही, मी डॉक्टरांना विचारून आले.

आधी मात्र सूनबाईला सांग. आजच सांग, मुलं झोपली की. तोंडाने जमत नसेल तर हे पत्रच तिच्या हाती दे, आणि माझ्यावर ढकल, फुईला आधी कळलं म्हण. ती रागावेल, एखाददुसरा दिवस बोलणार नाही. रागावू दे.

तुझी ती गोळी जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर, तेवढं कळव, म्हणजे त्या हिशेबाने भाकऱ्या टाकते.

तुझी,
फुई