रात्री गाडी अडवणारा वनरक्षक

प्रश्न : दिवाळीत सुप्याहून मोरगावकडे येताना रात्री अकराच्या सुमारास वनखात्याच्या दोघांनी आमची गाडी थांबवली, डिकी उघडायला लावली, सीटखाली बॅटरी मारून पाहिली. फराळाच्या डब्यांखेरीज काही निघालं नाही. वॉरंट नसताना त्यांना हा अधिकार आहे का?
– एक वाचक, बारामती

उत्तर : आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 50 ने तो दिलेला आहे. गुन्हा झाल्याचं मानायला वाजवी कारण असेल, तर वन अधिकारी वाहन थांबवू शकतो, सामान उघडून पाहू शकतो, वॉरंटशिवाय अटकही करू शकतो. पोलिसांपैकी हे करायला निदान उपनिरीक्षक लागतो. वनखात्याला अशी हुद्द्याची अट नाही, त्यामुळे बीटवर फिरणारा वनरक्षकही यात येतो. ते योग्यच आहे, कारण रात्री अकरा वाजता माळावर तोच असतो.

आता गाडीच का? तुम्ही ज्या रस्त्याने आलात, त्याच्या आसपास मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. उघड्या माळावर दिवसा चिंकारा माणसाला जवळ येऊ देत नाही. रात्री मात्र दिव्याच्या झोतात त्याचे डोळे चमकतात आणि तो दिपून जागीच थबकतो. मग नेमबाजी लागत नाही, की माग काढायची विद्या. भारतातले शेवटचे मानले जाणारे तीन चित्ते कोरिया संस्थानच्या महाराजांनी स्वातंत्र्याच्या सुमारास टिपले, ते असेच, रात्री गाडीतून जाताना. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकाकडे त्याची हकिगत आली, तेव्हा संपादकांनी ती छापली आणि सोबत कडक निषेधही छापला. मला ती घटना वाचताना आजही चीड येते.

मूळ 1972 च्या कायद्यात परवाना घेऊन शिकार करता येत होती, पण कलम 17 ने वाहनातून आणि कृत्रिम उजेडात शिकार करायला मनाई होती. 1991 च्या दुरुस्तीत ते कलम गेलं, म्हणून मनाई उठली असं काही जण छातीठोकपणे सांगतात. उलट आहे. परवान्याची शिकारच बंद झाल्यावर तिच्या पद्धतींचे नियम कशाला हवेत? शिवाय कायद्याच्या व्याख्येत शिकारीचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच. जनावर पडलेलं नसलं तरी बंदूक, सर्चलाइट आणि माळात आडवी घातलेली गाडी एवढ्यावर गुन्हा उभा राहू शकतो. चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान 25 हजार रुपये दंड.

तुमची तक्रारही मी बाजूला सारत नाही. कायदा ‘वाजवी कारण’ म्हणतो, मर्जी नव्हे. बार ऐकू आला, माळावर झोत फिरताना दिसला, तुमच्यासारख्या गाडीची खबर मिळाली, ही कारणं झाली. नुसती रात्र आणि रस्ता हे कारण फार पातळ आहे. पुन्हा असं झालं, तर नाव, हुद्दा आणि थांबवण्याचं कारण शांतपणे विचारा. काही जप्त केलं, तर पंचांच्या सह्यांची यादी मागा. निष्कारण, त्रास द्यायला जप्ती करणाऱ्याला कलम 53 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हे कलम त्याच कायद्यात आहे.